डिक्कीतले वाल

डिक्कीत बियाण्याचे वाल ठेवायची कल्पना आईची. आदल्या वर्षी कणगीतलं बियाणं उंदरांनी फस्त केलं होतं. जे खाल्लं ते गेलंच, पण उरलेल्यात लेंड्या आणि मूत, त्यामुळे तेही उकिरड्यावर टाकावं लागलं. स्वयंपाकघरातल्या डब्यात अर्धी पायली वाल खाण्यासाठी म्हणून ठेवले होते, तेच तिने त्या साली पेरले. आमच्या माणगाव तालुक्यात भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल होतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. पण बी घरचं लागतं, विकतच्या बियाण्याला ती चव नाही, असं आई मानते. तिच्या सासूच्या हातचं ते बी. आपल्या हातून ते संपतंय की काय, या धास्तीत तिने तो सबंध हिवाळा काढला.

मार्चमध्ये शेंगा झोडून झाल्या. दोन पायल्या वाल तिने बियाण्यासाठी बाजूला काढले, चुलीच्या राखेत घोळवले, कापडी पिशवीत भरून सुतळीने तोंड आवळलं, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाडीची डिक्की उघडून आत ठेवले. "पत्रा काय कुरतडणार आहेत?" असं ती मला फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी जरा हुशारी होती. मी ठाण्याला होते. मलाही ते पटलं. गाडीला कुणाचा तरी हात लागतोय, एवढ्यानेसुद्धा बरं वाटलं.

अण्णांची गाडी म्हणजे मारुती ८००, पांढरी, १९९८ ची, एमएच ०६ ची. शाळामास्तराने चारचाकी घेणं तेव्हा आमच्या आळीत मोठी गोष्ट होती. मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनायची थांबली. मधल्या तीस वर्षांत माझ्या वयाच्या किती जणांनी पहिल्यांदा स्टेअरिंग धरलं ते याच गाडीचं असेल. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन. पण अण्णा त्या इंजिनावर आई, मी, धाकटा भाऊ, वर तांदळाचं पोतं असा सगळा बारदाना घेऊन ताम्हिणी चढायचे. घाटात ते गाडीशी बोलायचे. "चल, एवढं एक वळण." पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटरचा आकडा एका लाल वहीत लिहायचे. ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असायची, पेन्सिलीसकट. पंधरा वर्षांनी गाडीचं पासिंग करायची वेळ आली, मग पुढे दर पाच वर्षांनी, तेव्हा पेणच्या आरटीओत ते स्वतः गाडी घेऊन जायचे, आदल्या दिवशी धुऊन पुसून.

ते गेले वैशाखात. पहिले काही महिने मी गावी गेले की गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवायची. बाहेर काढायची मात्र नाही. सीट त्यांनी लावली होती तशी, मागे सरकवलेली. आरसा त्यांच्या उंचीला लावलेला. मला तो हलवायचा नव्हता. मग गावी जाणं दीड-दोन महिन्यांवर गेलं, बॅटरी उतरली, ती बदलायचं राहून गेलं, आणि गाडी दोन पावसाळे गोठ्यात उभी राहिली. वर जुनं लुगडं टाकून आईने ती झाकून ठेवली होती.

दिवाळीत गेले तेव्हा भात कापून झालं होतं आणि आईला पेरायला बी हवं होतं. ती चुलीशी होती. "तूच काढून आण गं पिशवी," म्हणाली.

डिक्की उघडायच्या आधीच वास आला. उंदराच्या मुताचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो पुन्हा ओळखावा लागत नाही. तिखट, जरासा कुजक, नाकाच्या वरच्या भागात जाऊन बसणारा. पिशवीला खालच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. पिशवी उचलली तर हलकी लागली. आत राख, सालपटं आणि तळाला दोन-तीन ओंजळी वाल. मग पुढचं दार उघडलं. मॅटवर, सीटवर, डॅशबोर्डवर लेंड्याच लेंड्या, तांदळाच्या कणीएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. छताचं अस्तर एका बाजूने लोंबत होतं. मागच्या सीटच्या शिवणीतून पिवळा फोम बाहेर आला होता, आणि त्या फोममध्ये बोट घातलं तर ऊब लागली.

मी वाकून पाहिलं. फोमच्या चुऱ्यात, मॅटखालच्या नमद्याच्या धाग्यांत आणि कागदाच्या कपट्यांत सहा पिल्लं होती. करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. कातडीतून पोटातलं दूध पांढरं दिसत होतं. ती एकमेकांच्या अंगावर चढत होती, खालच्याला वर यायचं होतं, वरच्याला खाली. कपट्यांवर पेन्सिलीचं अक्षर होतं. "२८ लि." एका कपट्यावर. दुसऱ्यावर नुसता "माणगा". मी कप्पा उघडला. लाल पुठ्ठे होते, मधली वही नव्हती. पुठ्ठ्याच्या आत शिवणीला अडकून राहिलेली शेवटची चार-पाच पानं तेवढी होती.

मी डिक्की लावली, दार लावलं आणि घरात जाऊन आईला सांगितलं, की बी मी नंतर काढते, आधी गाडी बाहेर घ्यावी लागेल. खोटंच होतं ते. पण तिने एवढ्या विश्वासाने ठेवलेली पिशवी, आणि तिच्याच पिशवीने उंदीर आत बोलावले, हे त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी माणगावहून फिटरला बोलावलं. बरोबर नवी बॅटरी आणा म्हटलं. तो आला, बॉनेट उघडलं आणि बॅटरी खालीच ठेवली. "ताई, तुम्ही चावी नाही ना फिरवली?" मी नाही म्हटलं, बॅटरीच उतरली होती. "देवाने वाचवलं," तो म्हणाला. एअर फिल्टरच्या डब्यात नारळाचा काथ्या, सुकी पानं, वालाची सालं असं गच्च भरलेलं. सायलेन्सर जिथून सुरू होतो त्या लोखंडावरसुद्धा पेंढ्याची एक गादी. इंजिन चालू केलं असतं तर तो भाग दहा मिनिटांत तापला असता, आणि पेंढा पेटायला एवढं पुरे. त्यातून वायरींवरचं प्लास्टिक चार ठिकाणी खरवडून तांबं उघडं पडलेलं. म्हणून माझं सांगणं आहे, गाडी फार दिवस उभी असेल तर चावी लावायच्या आधी बॉनेट उघडा, बॅटरीची एक वायर सोडा, टॉर्च घेऊन सगळं बघा आणि मगच पुढचं.

वायरी ते भुकेने खात नाहीत. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटणार नाही, इतके वाढतील. दाताचं पुढचं आवरण कडक, त्यात लोहाचा अंश असतो म्हणून ते पिवळट नारिंगी दिसतं, आणि मागची बाजू मऊ. घासताना मागची बाजू आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप लागत राहते. सुताराच्या पटाशीला धार लावतात ती अशीच, एकाच बाजूने. आपल्या भाषेने या दातांना पटाशीचे दात हे नाव दिलं, ते किती नेमकं बघून दिलं!

पहिले आठ दिवस मी जे जे केलं त्यातलं बरंचसं वाया गेलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यांचा वास गाडीत महिनाभर राहिला आणि लेंड्या दुसऱ्याच दिवशी त्या गोळ्यांच्या बाजूलाच पडलेल्या. तंबाखूची पानं वायरींना बांधली, पुष्कळ ड्रायव्हर हा उपाय सांगतात. ओली होती तोवर काही दिवस बरं गेलं, वाळल्यावर त्यांचीच बिछान्यासाठी ओढाओढ झाली. कानाला ऐकू न येणारा आवाज करणारं एक यंत्र मागवलं. त्याचा दिवा लुकलुकायचा आणि त्याच दिव्याच्या उजेडात एक उंदीर स्टेअरिंगवर बसलेला मी डोळ्यांनी पाहिला.

आणि मग मी विष ठेवलं. हे लिहिताना अजून जड जातं. दुकानदार म्हणाला, वडी खाल्ली की उंदराला तहान लागते, तो पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो. हे खरं नाही. त्या निळ्या-हिरव्या वड्यांमध्ये असतं ब्रोमॅडिओलोन. त्याने रक्त गोठायची शक्ती जाते, आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि मरायला तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात. एवढ्या वेळात तो अशक्त होत जाणारा जीव बाहेर कशाला जाईल? तो त्याच्या सगळ्यांत सुरक्षित जागी जातो. आमच्यातला एक गेला डॅशबोर्डच्या आत, ब्लोअरच्या पंख्यामागे. पाच दिवसांनी गाडीजवळ उभं राहवेना. फिटरने कप्पा सोडवला, स्क्रू काढून ब्लोअर खाली घेतला, तेव्हा तो पात्यांना चिकटलेला निघाला. त्याच्या तोंडाशी रक्त होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या पडक्या माडीतलं गव्हाणी घुबड नेहमीसारखं परसावरून गेलं. मी लहानपणापासून तिथे घुबडाची जोडी बघत आले आहे. एक घुबड रात्रीतून किती उंदीर उचलतं, हे माडीखाली पडलेल्या केसाळ गोळ्यांवरून कळतं, त्यात इवलाल्या कवट्या असतात. विष खाऊन लटपटणारा उंदीर हा त्याच्यासाठी सगळ्यांत सोपा. ते विष मग त्याच्या पोटात. आईच्या मांजरीचंही तेच. मी राहिलेल्या वड्या मोजून गोळा केल्या. ठेवल्या होत्या आठ, सापडल्या पाच. त्या तीन कुठे गेल्या त्याचा घोर मला पुढे कितीतरी दिवस होता. मांजर ठीक राहिली. घुबडं आहेत, दोन्ही. पण मी पुन्हा विषाला हात लावणार नाही.

उपाय सापडला तो कातकरी वाडीवरच्या काकांकडून. ते कुंपण घालायला आले होते. मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून ओळखतात. भात कापून झालं की त्यांच्या वाडीवरची माणसं बांधावरची बिळं उकरतात. एका तोंडातून पेंढ्याची धुरी देतात, दुसऱ्या तोंडाशी उंदीर धरतात, आणि उंदराने बिळात साठवलेल्या भाताच्या लोंब्या काढून घेतात. उंदीर त्यांचं अन्न आहे, पिढ्यान्‌पिढ्या. त्यामुळे उंदराचं चालणं, साठवणं, घर बदलणं हे ज्ञान त्यांच्याकडे जसं आहे तसं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

काकांनी गाडीला हात लावला नाही. आधी दोनदा भोवती फिरले. मग उकिडवे बसले आणि पुढच्या डाव्या चाकाकडे बघत राहिले. "हे बघ," म्हणाले. टायरच्या वरच्या कडेला, जिथून आतला दांडा दिसतो, तिथे काळपट तेलकट पट्टा होता, बोटाच्या रुंदीचा. मी तो ग्रीसचा डाग समजले असते. "पोट घासतं ना. रोज त्याच वाटेनं." मग बॉनेटखाली त्या पट्ट्याच्या मागावर त्यांचं बोट चालत गेलं. दांड्यावरून वर, बॅटरीच्या रिकाम्या ट्रेच्या कडेने, इंजिनाच्या मागच्या पत्र्याशी. तिथे वायरींचा जुडगा आत जातो आणि भोकाला रबराचं बूच असतं. बुचाचा अर्धा भाग खाल्लेला. दुसरी वाट वायपरखालच्या जाळीतून, बाहेरची हवा आत घ्यायला जागा असते तिथून. तिसरी डिक्कीत, स्टेपनीच्या खाली पाणी निघून जायला भोक असतं तिथलं बूच हरवलेलं. पेन्सिल जाईल एवढी फट घरातल्या बारीक उंदराला पुरते, डोकं गेलं की अंग जातंच.

"शेतातले नाहीत हे. घरातलेच, बारीक." मग डिक्कीकडे हनुवटीने खूण करून हळूच म्हणाले, "खायला दिलंस, गादी दिलीस, वरून लुगडं घातलंस. कुणी हलवत नाही, कुणी उठवत नाही. मग ते जातील कशाला? मारून किती मारशील? जागा मोड, म्हणजे जातात."

जागा मोड. एवढंच सांगायला मला कुणी हवं होतं बहुतेक. कारण ती जागा मी दीड वर्ष जशीच्या तशी ठेवायला बघत होते.

आईला त्या रात्री सगळं सांगितलं. पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने सुतळी सोडली, तळाचे वाल सुपात ओतले आणि कंदिलाच्या उजेडात बसून एकेक निवडायला घेतले. डोळ्याशी कुरतडलेला दाणा उगवत नाही, तो बाजूला. बाकीचे पाण्यात टाकून तरंगतात का बघितलं. चांगले दाणे पाऊण शेर निघाले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वास मला श्रावणातच आला होता. म्हटलं, तुला सांगितलं तर तू गाडी काढून टाकशील." मी तिच्याजवळ बसून दाणे निवडायला लागले.

सफाईला दोन दिवस लागले. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक हयगय करतात. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, होतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत पायाच्या भेगांतून तो शिरतो हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, २००५ च्या पुरानंतर मुंबईनेही तो अनुभवला. पण गाडीत झाडू मारताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही सगळी दारं, बॉनेट, डिक्की उघडून गाडी ढकलत उन्हात आणली आणि तासभर तशीच ठेवली. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आईच्या पायात मुद्दाम गमबूट. झाडू अजिबात नाही, कारण सुक्या लेंड्यांची धूळ उडते आणि नाकात जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं करून सगळीकडे फवारलं, पाच-दहा मिनिटं मुरू दिलं आणि मग जुन्या फडक्यांनी पुसून घेतलं, फडकी जाळली. पत्र्यावर नंतर साधं पाणी फिरवलं, नाहीतर ब्लीचने गंज धरतो. मागची सीट, नमदा, छताचं अस्तर सगळं उचकटून टाकलं. धुऊन वाचेल असं वाटत होतं, पण फोममध्ये मुरलेला वास जात नाही, आणि तोच वास पुढच्या उंदरांना इथे या म्हणून सांगतो.

पिल्लांचं काय केलं, हे कुणी विचारलं तर मी टाळत नाही. तोवर ती मोठी झाली होती, अंगावर मऊ काळसर लव आली होती, डोळे किलकिले झाले होते. आई म्हणाली, मांजरीला दे. ती क्रूर बाई नाही. तिच्या बियाण्याचं जे झालं ते बघून कुणीही हेच म्हणालं असतं. मला ते जमलं नाही. मी तो सगळा गोळा फोमसकट एका मोठ्या करवंटीत उचलला आणि कुंपणापलीकडे बांबूच्या बेटाखाली, पालापाचोळ्यात नेऊन ठेवला. त्यांची आई आदल्या रात्री पिंजऱ्यात सापडली होती, लाकडी पिंजरा, भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्यावर. तिलाही मी तिथेच सोडली. पिंजऱ्याचं दार वर केल्यावर ती लगेच पळाली नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसून राहिली, मिशा हलत होत्या. मग एकदम गेली, करवंटीच्या उलट दिशेला. सकाळी करवंटी रिकामी होती. तिने पिल्लं नेली, की सापाने, की भारद्वाजाने, ते मला कळलं नाही.

पिंजऱ्यात पंधरा दिवसांत एकूण अकरा सापडले. आमच्या लक्षात आलेली एक गोष्ट, पिंजरा गोठ्याच्या मध्यावर ठेवला की रिकामा राहतो. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, मिशा भिंतीला लावून, म्हणून पिंजराही भिंतीला चिकटून हवा. नाहीतर त्यांच्या वाढीपुढे पिंजऱ्याचा काही पाड लागत नाही. तीन आठवड्यांत एक वेत, वेताला पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्यात आई व्हायला तयार. मार्चमध्ये एक जोडी डिक्कीत शिरली असेल तर दिवाळीपर्यंत काय होतं, त्याचा हिशेब मी वहीत मांडून बघितला आणि अर्ध्यात सोडून दिला.

सगळी भोकं फिटरने बंद केली. आधी स्टीलच्या तारेची घासणी कोंबली, ती दाताला झोंबते, आणि वरून पत्र्याचा तुकडा किंवा नवं बूच. वायपरखाली आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी, हवा जाईल पण उंदीर जाणार नाही अशी. तुटलेल्या वायरी त्याने नुसत्या पिळून टेप मारून दिल्या नाहीत, एकेक डाग देऊन जोडली आणि वर नळी चढवली. त्याचं मला फार बरं वाटलं. अण्णांनी उभं राहून बघितलं असतं.

त्या दिवसांत माझ्या मनात सारखा १९९४ येत होता. मी शाळेत होते. सुरतेत प्लेग आला, मुंबईत लोक तोंडाला रुमाल बांधून लोकलमध्ये बसायला लागले, औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेना. पण त्या साली गाठीचा प्लेग आधी निघाला होता तो आपल्याकडे, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, ऑगस्टमध्ये. अण्णांनी तेव्हा वर्गात त्याचं कारण समजावलं होतं ते मला अजून आठवतं. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहू लागले, घरांतलं धान्य तसंच राहिलं, आणि माणसं नसलेल्या घरांत उंदीर बेसुमार वाढले. त्यांनी फळ्यावर एक घर काढलं होतं, दाराला कुलूप, आत पोती. "धान्य आहे, माणूस नाही, तिथे उंदीर राहायला जाणार," असं म्हणाले होते.

आमच्या आळीत आज चौदा घरं आहेत. त्यातली आठ बंद. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, पंधरा दिवस दिवे लागतात, मग पुन्हा कुलूप. आत पेट्यांत गोधड्या, कणग्यांत विसरलेलं भात, देव्हाऱ्यात वाती. आमच्या गोठ्यातले उंदीर शेजारच्या बंद घराच्या भिंतीतून येतात हे काकांनी माग काढून दाखवलं. माझंच ठाण्यातलं घर चालू, इथलं आईवर टाकलेलं. बंद घरवाल्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण माया म्हणून एखादी वस्तू जशीच्या तशी मिटून ठेवली की तिचं जतन होतं, ही समजूत माझ्यापुरती तरी संपली. अण्णांची वही मी कप्प्यातून काढून कपाटात ठेवली असती तर आज ती असती. मला ती त्यांच्या हाताने ठेवलेली तिथेच हवी होती.

उरलेली पाच पानं मी उन्हात वाळवली, पुसली आणि घेऊन आले. शेवटच्या पानावर त्यांनी लिटर आणि किलोमीटर लिहून खाली एक ओळ लिहिली आहे, "हवा भरली. आई आनंदात." आई म्हणजे माझी आई, तेव्हा ते दोघं कुठेतरी गेले असणार. मी तिला विचारलं, तिला आठवत नाही कुठे.

आता गाडी चालते. दर बाजाराच्या दिवशी शेजारचा मुलगा आईला घेऊन माणगावला जातो आणि येतो. मी गेले की मी चालवते. आरसा माझ्या उंचीला लावला आहे, सीट दोन खाचा पुढे घेतली आहे. खाण्याचं काही गाडीत राहणार नाही हा नियम आईने सगळ्यांना घातला, शेंगदाण्याचं टरफलसुद्धा नाही. लुगडं काढून टाकलं. रात्री बॉनेट बंद ठेवायचं नाही, उघडं टाकून काठी लावायची, कारण उंदराला अंधार आणि ऊब हवी असते. वर गोठ्यात एक छोटा दिवा चालू. बी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, डबा घरात, आणि त्यातला चौथा हिस्सा तिने वाडीवरच्या काकांकडे ठेवायला दिला आहे.

एक गोष्ट तिची स्वतःची. काकांनी सांगितलं होतं की चाकांभोवती राख पसरा, पावलं उठतात. आईने राखेऐवजी रांगोळी घेतली, राख काळोखात दिसत नाही म्हणून. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावला की ती गोठ्यात जाते, बॉनेट वर करून काठी लावते, आणि चारही चाकांभोवती पांढरी रांगोळी हाताने पसरते, सपाट. सकाळी दात घासायच्या आधी बघून येते आणि मला फोन करते.

आज सकाळीही आला. मी लोकलमध्ये होते, मागे गर्दीचा आवाज होता, ती नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती. "तीन चाकं कोरी आहेत. डाव्या पुढच्यापाशी एक पाऊल उठलंय." मी विचारलं, केवढं? ती थांबली. फोन हातात धरून ती वाकून बघत असणार. "नाही गं," म्हणाली, "मांजरीचं आहे."